जोडे सांधणारा गुरुजी : जॉन पाउंड्स याचे चरित्र

स्कॉटलंड देशात समुद्रकाठी अँस्ट्रुथर नावाचे एक लहानसे गाव आहे. प्रसिद्ध पाळक डॉ. टॉमस चामर्स यांचा जन्म १७८० साली तेथे झाला, एवढ्यावरून ते गाव मंडळ्यांच्या इतिहासात ठाऊक आहे. त्याच गावी एकदा एडिंबरो शहरचे पाळक डॉ. टॉमस गथ्री हे प्रवासात असता विसाव्यासाठी एका खानावळीत शिरले. भिंतीवर काही चित्रे टांगलेली होती. त्यातले एक पाहून ते जागीच उभे राहिले. चित्रात एका जोडे शिवणाऱ्याची कोंदट खोली होती. म्हातारा कारागीर नाकावर चष्मा ठेवून, गुडघ्यांत जुना जोडा धरून बसलेला, आणि त्याच्या भोवती फाटक्या कपड्यांची मुले व मुली हाती पाट्या व पुस्तकाची पाने घेऊन दाटीने बसलेली. चित्राखाली त्या म्हाताऱ्याची हकीकत थोडक्यात लिहिली होती. ती वाचून आपणाला मोठी लाज वाटली, असे गथ्रीसाहेबांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. आपण एवढ्या मोठ्या शहराचे पाळक असून आपल्या हातून काय झाले, आणि या गरीब माणसाने काय केले, हा विचार त्यांच्या मनातून जाईना.

तो गरीब माणूस म्हणजे जॉन पाउंड्स. त्याचे चरित्र सांगावे असे पुष्कळ दिवस मनात होते. तो कोणत्याही विद्यालयात शिकला नव्हता, त्याच्यामागे कोणतीही संस्था नव्हती, आणि त्याने जे केले ते करण्यास त्याला कोणी सांगितलेही नव्हते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथ हे मोठे बंदर आहे. तेथे राजाच्या लढाऊ जहाजांची गोदी होती. जॉनचा बाप त्या गोदीत लाकूड कापण्याचे काम करी. १७ जून १७६६ रोजी जॉन जन्मला. बारा वर्षांचा झाला तेव्हा बापाने त्यास गोदीतच जहाजाच्या सुताराच्या हाताखाली उमेदवार म्हणून लावून दिले. अंगाने तो उंच व बळकट होता, आणि हा धंदा त्या काळी चांगल्या कमाईचा होता. परंतु पंधराव्या वर्षी तो काम करता करता कोरड्या गोदीच्या खोल खड्ड्यात पडला. मांडीचे हाड मोडले, शरीर वाकले, आणि तो जन्माचा पंगू झाला. जहाजाचे काम कायमचे सुटले.

पुढे गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराजवळ बसून तो जोडे शिवण्यास शिकला. अशा कामात बसून पोट भरता येते, एवढाच त्याचा आधार. पण तो नवीन जोडे करणारा नामांकित कारागीर कधी झाला नाही. जुने जोडे सांधणे, तळ बसविणे, ठिगळ लावणे, हेच त्याचे काम. १८०३ साली त्याने सेंट मेरी रस्त्यावर लाकडी फळ्यांचे एक लहानसे घर घेतले आणि मरेपर्यंत तेथेच राहिला. त्या घरातील कामाची खोली सुमारे सहा फूट रुंद व अठरा फूट लांब होती. आपल्या खेड्यातील गुरांचा गोठाही बहुधा याहून प्रशस्त असतो. ही मापे वाचकांनी ध्यानात ठेवावी.

येथे एक गोष्ट जाता जाता सांगतो. आपल्या देशात चामड्याचे काम करणाऱ्यास गावाच्या कडेला बसवून त्याला विद्येपासून दूर ठेवण्यात आले. त्याच काळी इंग्लंडात दोघे जोडे शिवणारे होते. एक विल्यम कॅरी. ते भारतात आले आणि १८०५ साली त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण छापून काढले. त्यांचे नाव आपल्या लोकांस माहीत आहे. दुसरा हा पाउंड्स. तो आपले गाव सोडून कोठे गेला नाही, आणि त्याने एकही पुस्तक लिहिले नाही.

जॉनने लग्न केले नाही. त्याचा एक भाऊ समुद्रावर काम करी, त्याचे कुटुंब मोठे होते. त्या भावाचा एक मुलगा जन्मतः पायांनी अधू होता. त्याची दोन्ही पावले आत वळून एकमेकांवर चढत. जॉनने त्यास आपल्या घरी आणले. स्वतः पंगू असल्याने त्या लेकराचे दुःख त्यास अधिक कळले असेल. कोणा दुसऱ्या मुलाच्या पायांना वैद्यांनी महागाचे लोखंडी साधन लावलेले त्याने पाहिले होते. तसे साधन विकत घेण्याची ऐपत नव्हती. मग त्याने जुन्या जोड्यांचे तळ व चामड्याच्या पट्ट्या घेऊन तसलेच एक साधन आपल्या हातांनी तयार केले आणि मुलाच्या पायांस बांधले. हळूहळू पावले सरळ झाली. मुलगा नीट चालू लागला.

पाय सरळ झाले. आता अक्षरे शिकविली पाहिजेत. काम करता करता काकाने पुतण्यास शिकविण्यास आरंभ केला. थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात आले की, एकट्या मुलाचे मन अभ्यासात लागत नाही. सोबती असला म्हणजे दोघेही लवकर शिकतात. शेजारी एक गरीब बाई राहत असे. ती रस्त्यांतून खाण्याचे पदार्थ विकीत फिरे, आणि तिचा लहान मुलगा कडाक्याच्या थंडीत बाहेर उघड्यावर राही. जॉनने त्याला आत बोलाविले. मग आणखी एक आला, मग आणखी दोन. १८१८ च्या सुमारास हा क्रम सुरू झाला, आणि पुढे त्या अठरा फुटांच्या खोलीत एके वेळी चाळीस मुले बसू लागली. त्यांत सुमारे डझनभर मुली असत.

कोणी म्हणेल, इंग्लंडसारख्या देशात शाळा नव्हत्या काय? होत्या. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली ग्लॉस्टर गावी शब्बाथ शाळा चालू केल्या होत्या. तेथे शिकविणाऱ्या बायांस ते दर रविवारी एक शिलिंग देत. मद्रास येथील अनाथ मुलांचा आश्रम चालविणारे अँड्र्यू बेल यांनी देशी पंतोजींच्या शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली, आणि मोठ्या मुलाने लहानास शिकवावे ही पद्धत ते इंग्लंडात घेऊन गेले. जोसेफ लँकॅस्टर यांनीही लंडनात तशाच शाळा काढल्या. सरकारचा पहिला पैसा, वीस हजार पौंड, शाळांच्या इमारतींसाठी १८३३ साली मिळाला. परंतु आठवड्याचे काही पेन्स देऊ न शकणारी, अंगावर धड वस्त्र नसलेली, उवांनी व घाणीने भरलेली मुले यांपैकी पुष्कळ शाळांच्या दारात उभी राहू शकत नव्हती. बंदराच्या गावात तर अशा मुलांचा सुकाळच. बाप समुद्रावर किंवा लढाईत मेलेला, आई दिवसभर कामावर, आणि मूल धक्क्यावर भटकणारे.

जॉन पाउंड्स याला नेमकी हीच मुले पाहिजे होती. जागा थोडी आणि येणारी मुले फार, अशी वेळ आली म्हणजे निवड करणे भाग पडे. कोणताही गुरुजी अशा वेळी हुशार, स्वच्छ, आईबापांनी हात धरून आणलेले मूल आधी घेईल. जॉनची रीत उलट होती. सर्वांत मस्तीखोर, मळकी, कोणास नको असलेली पोरे तो आधी आत घेई आणि त्यांना लाडाने लहान लुच्चे म्हणे. जी आपण होऊन येत नसत त्यांच्यासाठी तो बाहेर जाई. गथ्रीसाहेबांनी सांगितले आहे की, धक्क्यावरील एखाद्या रानटी पोराच्या मागे हा पंगू म्हातारा फिरे, आणि गरम भाजलेला बटाटा त्याच्या नाकाशी धरून त्यास शाळेकडे वळवी. त्याचा स्वतःचा कोट त्या पोराच्या कपड्यांइतकाच फाटका असे. बटाट्याने मुले भुलविणे कितपत योग्य, असा प्रश्न कोणी सुज्ञ वाचक करतील. उपाशी मुलास आधी अक्षर द्यावे की आधी बटाटा, हे त्याने आपल्या परीने ठरविले होते. मला त्यात दोष दिसत नाही.

आता तो शिकवी कसा, हे जरा सविस्तर सांगतो. कारण आपल्या उपदेशक बंधूंना व रात्रीच्या वर्गात शिकविणाऱ्यांना याचाच उपयोग अधिक आहे.

खिडकीजवळ तो आपल्या बाकावर बसे. मांडीवर जोडा, हातात आरी, बाजूस रापी, दोरा व मेण. हात आपले काम करीत आणि कान मुलांकडे असत. एक टोळी वाची, दुसरी पाटीवर हिशेब करी, तिसरी पाठ म्हणून दाखवी. मुले बाकांवर, पेटीवर, माळ्यावर जाणाऱ्या अरुंद जिन्याच्या पायऱ्यांवर बसत. हवा चांगली असली म्हणजे आळीपाळीने काहींना उंबऱ्याबाहेर बसण्यास मिळे. मोकळ्या हवेसाठी ही जागा सर्वांनाच हवी असे.

पुस्तके विकत घेण्यास पैसा नव्हता. भिंतींवर लावण्याची व वाटण्याची छापील जाहिरातपत्रे, फाटक्या शालेय पुस्तकांची उरलेली पाने, जे काही छापलेले हाती येई ते त्याचे वाचनपुस्तक. लिहिण्यास पाटी व पेन्सिल, दुसरे काही नाही. तरी या साधनांवर तो मुलांना चांगले वाचण्यास शिकवी, आणि हिशेबात त्रैराशिकापर्यंत नेई.

अगदी लहान व मंद मुलांसाठी त्याची एक निराळीच युक्ती होती. मराठीत क, का, कि, की अशी बाराखडी आली की अक्षर व उच्चार यांची गाठ पडते. इंग्रजीत तसे नाही. अक्षराचे नाव एक, शब्दात त्याचा उच्चार दुसरा, आणि काही अक्षरे तर लिहावयाची पण उच्चारावयाची नाहीत. म्हणून प्रत्येक शब्दाची अक्षरे पाठ करावी लागतात, आणि अडखळणारे मूल येथेच हरते. जॉन त्या मुलाचा हात आपल्या हातात घेई व हे काय म्हणून विचारी. मुलाने हात असे म्हटले की त्या शब्दाची अक्षरे त्याच्याकडून म्हणवून घेई. मग त्या हातावर हळूच चापट मारी आणि आता मी काय केले असे विचारी. मुलाने ते सांगितले की त्याही शब्दाची अक्षरे. मग कान, मग कान ओढणे. अशा रीतीने मुलाच्या स्वतःच्या अंगाचाच धडा होई. मूल हसे आणि शब्द विसरत नसे. छापील पानाची भीती मनात बसण्याआधीच काही शब्द त्याचे स्वतःचे झालेले असत. हे त्याला कोणी शिकविले नव्हते. मूल कोठे अडते ते त्याने जवळून पाहिले, आणि तेथूनच उपाय काढला.

मंडळ्यांना भेटी देत फिरताना मी एकदा एका तिसरीतील मुलास वाचावयास सांगितले. त्याने धडा घडाघडा म्हटला. मला संतोष वाटला. मग ध्यानात आले की पुस्तक उलटे धरलेले आहे. शेजारच्या मुलांचे ऐकून त्याने सारा धडा तोंडपाठ केला होता. ओळखता त्याला दोन-चार अक्षरेच येत होती. तीन वर्षे तो वर्गात बसला आणि कोणाच्याही ध्यानात आले नाही. मीही पुस्तक पाहिले नसते तर शाबासकी देऊन पुढे गेलो असतो. जॉनच्या खोलीत चाळीस मुले होती, जागा सहा फुटांची होती, तरी तेथे असे मूल लपून राहणे कठीण होते. कारण तो एकेकाचा हात हातात घेऊन विचारी.

केवळ अक्षरांवर तो थांबला नाही. साधे अन्न कसे शिजवावे, आपले जोडे आपण कसे सांधावे, हेही मुलांना शिकवी. आजारी मुलाचा वैद्य तोच, दाई तोच. खेळणीही तोच करून देई. सुटीच्या दिवशी पोरांची फौज घेऊन तो गावाबाहेरील टेकड्यांवर जाई. रविवारी मुलांनी शब्बाथ शाळेत जावे अशी त्याची इच्छा. पण चिंध्या घालून जाणार कशी? त्याने दयाळू लोकांकडून कपडे मिळविले व ते आपल्या घरी ठेविले. रविवारी सकाळी मुले येऊन ते अंगावर चढवीत आणि संध्याकाळी परत आणून ठेवीत. कपडे घरी दिले तर ते गहाण पडतील, हे त्या म्हाताऱ्यास पक्के ठाऊक असावे.

खोलीत मुलांशिवाय आणखीही मंडळी होती. त्याला पक्ष्यांचा व जनावरांचा फार नाद. पिंजऱ्यांत गाणारे पक्षी, शिवाय मांजरे. एका खांद्यावर पक्षी व दुसऱ्या खांद्यावर मांजर घेऊन तो जोडा शिवीत बसे, आणि दोघे एकमेकांस इजा करीत नसत, असे पाहणाऱ्यांनी लिहून ठेविले आहे. मुलांना हे पाहण्याचाच मोठा आनंद असे.

या सर्व कामाचा मोबदला त्याने एक पैही घेतला नाही. मुलांकडे देण्यास काही नव्हतेच. पण धनवानांकडूनही त्याने स्वतःसाठी काही मागितले नाही. जोडे सांधून जे मिळे त्यावर त्याचा व पुतण्याचा निर्वाह होई. वीस वर्षे हे चालले. हजेरीपट त्याने ठेविला नाही, म्हणून किती मुले त्याच्या हाताखालून गेली हे नेमके सांगता येत नाही. ती पाचशेंहून कमी नव्हती, असे गथ्रीसाहेबांचे म्हणणे. मोठी झाल्यावर कोणी खलाशी झाले, कोणी शिपाई, कोणी कारागीर. दूरदेशाहून परत आलेला एखादा उंच, दाढीवाला खलाशी वाकून त्या ठेंगण्या दारातून आत येई आणि म्हाताऱ्याचा हात हातात घेई. तेवढेच त्याचे वेतन.

सर्वच मुले सुधारली असे मी म्हणत नाही, आणि तसे कोणी म्हटले तर विश्वास ठेवू नये. शिवाय हेही कबूल केले पाहिजे की, त्या खोलीत मिळे ती विद्या फार थोडी होती. वाचन, लेखन, थोडा हिशेब, याहून पुढे नेण्याची त्याची शक्ती नव्हती. पण ज्यांना दुसरीकडून काहीच मिळणार नव्हते त्यांना ती थोडकी नव्हती.

गावातील थोर लोकांना तो वेडगळ म्हातारा म्हणून ठाऊक होता. शेवटी एका माणसाने त्याचे चित्र काढले. तो माणूस कोणी मोठा चित्रकार नव्हता. शीफ नावाचा, तोही जोडे शिवण्याच्याच धंद्यातला, आणि फावल्या वेळी चित्रे काढणारा. ते चित्र एडवर्ड कार्टर नावाच्या गावातील सद्गृहस्थांनी विकत घेतले. त्याच चित्रावरून छाप निघाले आणि त्यांतील एक अँस्ट्रुथरच्या खानावळीत जाऊन टांगला गेला.

पुढची हकीकत लवकर सांगून टाकतो. १८४४ साली लंडनात रॅगेड स्कूल युनियन, म्हणजे फाटक्या वस्त्रांच्या मुलांच्या शाळांची संघटना, स्थापन झाली. पुढे लॉर्ड शाफ्ट्सबरी या नावाने प्रसिद्ध झालेले लॉर्ड अ‍ॅश्ली तिचे अध्यक्ष झाले आणि १८८५ साली मरेपर्यंत त्यांनी तिचा भार वाहिला. त्या शाळांत दुकानदार, कारकून, कारागीर, सुखवस्तू घरच्या स्त्रिया दिवसाचे काम आटोपून रात्री विनावेतन शिकवीत. गथ्रीसाहेबांनी १८४७ साली या मुलांच्या वतीने एक विनंतीपुस्तक प्रसिद्ध केले व एडिंबरो येथे शाळा काढली. आपल्याला ही बुद्धी त्या चित्राने दिली, असे ते उघड सांगत. १८७० च्या कायद्याने प्रत्येक मुलास शाळेत जागा असावी हे इंग्लंडच्या सरकारने मान्य केले, तेव्हा पाउंड्सला जाऊन एकतीस वर्षे झाली होती. हे सर्व त्याने एकट्याने घडविले असे नव्हे. अ‍ॅबर्डीन येथे व लंडनातही इतरांनी आपापल्या परीने आरंभ केला होता. पण त्या सर्वांनी त्याचे नाव आदराने घेतले.

त्याला ज्या मंडळीच्या आवारात पुरले ती पोर्ट्समथच्या हाय स्ट्रीटवरील मंडळी युनिटेरियन पंथाची होती. त्या पंथाचे ख्रिस्ताविषयीचे मत आपल्या मंडळ्यांच्या मताहून भिन्न आहे, हे शिकलेल्या वाचकांस माहीत असेल. ते झाकून ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. गथ्रीसाहेब तर कडव्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक, तरी या माणसाचा गौरव करताना त्यांनी हात आखडला नाही. ते जुने मंदिर १९४१ साली महायुद्धात बाँबने पडले. पुढे तेथे नवे उभारले, त्यास जॉन पाउंड्स याचेच नाव दिले आहे.

आता त्याच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट. पिंजऱ्यातील पक्षी दांडीवरून एकाएकी खाली पडतो, तसे आपल्याला मरण यावे, कोणास त्रास पडू नये, असे तो नेहमी म्हणत असे. १८३९ च्या जानेवारीची पहिली तारीख. नव्या वर्षाचा दिवस. तो बहात्तर वर्षांचा होता. सकाळी एका लहान विद्यार्थ्याला घेऊन तो कार्टर यांच्या घरी गेला. त्या मुलाच्या पायाला जखम झाली होती, तिची काही व्यवस्था व्हावी एवढेच काम होते. तेथे आपले चित्रही त्याने पाहिले. बोलता बोलता तो एकाएकी खाली कोसळला. लोकांनी धावून उचलले, परंतु प्राण गेला होता.

बरोबरच्या मुलाने काय पाहिले व तो कसा घरी परतला असेल, याची कल्पनाच करावी. खोलीत मुले वाट पाहत होती. त्यांना सांगण्यात आले तेव्हा मोठा आकांत झाला. मोठ्यांना समजले, अगदी लहानांना मात्र मरण म्हणजे काय हे कळण्याचे वय नव्हते. त्यानंतर कित्येक दिवस दोन-दोन, तीन-तीन लहान मुले नेहमीच्या वेळी त्या दाराशी येत, आत डोकावून खिडकीजवळचा रिकामा बाक पाहत, आणि रडत परत जात.